उलटा तरंगणारा निळा पाहुणा

मागच्या पावसाळ्यात कोकणातील एका वाचक भगिनींनी मोबाईलवर काढलेला एक फोटो आम्हाला पाठवला. ओल्या वाळूवर रुपयाच्या नाण्याएवढी एक गोल चकती आणि तिच्या कडेने निळ्या रेशमी धाग्यांची झालर. खाली त्यांनी लिहिले होते, "धाकट्याने ही उचलून घरी आणली. म्हणतो, हाच ब्लू ड्रॅगन, व्हिडिओत पाहिला आहे. त्याचे मामू म्हणतात, तो विषारी असतो. हात साबणाने धुतले, पण रात्रभर माझा जीव वरखाली होत होता. खरे काय ते लिहा."

त्यांना आम्ही त्याच दिवशी उत्तर पाठवले होते. फोटोतला जीव ब्लू ड्रॅगन नव्हता, ते 'ब्लू बटन' होते. शास्त्रीय नाव पोरपिटा. त्याने सहसा फार काही होत नाही, कातडी नाजूक असेल तर थोडी खाज सुटते. पण मामूंचेही चुकले नव्हते. ब्ल्यू बटन जिथे आढळते तिथेच दोन पावलांवर त्याचे जहाल नातलग पडलेले असू शकतात आणि त्या सगळ्यांना खाऊन जगणारी ती प्रसिद्ध निळी गोगलगायही असू शकते. किनाऱ्यावर राहणाऱ्या आणि सुट्टीत किनाऱ्यावर जाणाऱ्या घरांना हे सगळे ओळखता आले पाहिजे, म्हणून यावेळचे पान तिच्यासाठी.

हो, गोगलगायच. ड्रॅगन हे तिचे नुसते टोपणनाव. पावसाळ्यात अंगणातल्या भिंतीवर चढणारी शंखवाली गोगलगाय, बाजारात मिळणाऱ्या तिसऱ्या, खडकावरची कालवे आणि तव्यावर चुरचुरणारे माकूल ही सगळी एकाच मोठ्या कुळातली, मृदुकाय प्राण्यांच्या. त्यातल्या गोगलगायींच्या एका शाखेने शंख टाकून दिला. अंड्यातून बाहेर पडलेल्या पिल्लाला इवलासा शंख असतो, पण मोठे होताना तो गळून पडतो. उघड्या अंगाच्या या समुद्री गोगलगायींना इंग्रजीत 'नुडिब्रँक' म्हणतात, म्हणजे उघडे कल्ले असलेल्या. जगभरात त्यांच्या तीन हजारांच्या आसपास जाती माहीत आहेत आणि बहुतेक समुद्राच्या तळाशी, खडकांवर, प्रवाळांमध्ये सरपटत राहतात.

आमची निळी पाहुणी तळाला जातच नाही. तिचा सगळा जन्म समुद्राच्या पृष्ठभागावर, पाणी आणि हवा जिथे भेटतात त्या पातळ पडद्यावर जातो. तिचे शास्त्रीय नाव ग्लॉकस अटलांटिकस. कॅप्टन कुक यांच्या दुसऱ्या जगप्रवासात (१७७२ ते १७७५) सोबत असलेले तरुण निसर्गअभ्यासक जॉर्ज फॉर्स्टर यांनी १७७७ साली तिचे वर्णन छापले. नावात अटलांटिक असले तरी ती फक्त तिथली नाही. हिंदी महासागर आणि पॅसिफिकच्या उष्ण व समशीतोष्ण पाण्यातही ती सापडते. चेन्नईच्या बेसंट नगर किनाऱ्यावर डिसेंबर २०२३ मध्ये मिचाँग चक्रीवादळानंतर निळे ड्रॅगन वाहून आल्याच्या बातम्या अनेकांनी वाचल्या असतील.

आकार ऐकला की मुले नाराज होतात. ड्रॅगन म्हणजे जेमतेम तीन सेंटिमीटर! आपल्या अंगठ्याच्या वरच्या पेराएवढा. पण रूप असे की पाहत राहावे. मधे निमुळते, शेपटीकडे बारीक होत गेलेले शरीर, दोन्ही बाजूंना हातासारखे फुटवे आणि प्रत्येक फुटव्याला पंख्यासारखी पसरलेली निळी बोटे. एका मोठ्या गोगलगायीला अशी ऐंशीच्या वर बोटे असू शकतात. मध्यभागी चंदेरी-पांढुरके, कडेला गर्द निळे, आणि बोटांची टोके तर शाईत बुडवल्यासारखी.

आता तिची खरी गंमत. ती उलटी तरंगते. आपण तिची पाठ समजून जी निळी बाजू पाहतो, ते तिचे पोट आहे. अधिक बरोबर सांगायचे तर पाय, कारण गोगलगायी ज्या सपाट मांसल भागावर सरकतात त्याला पायच म्हणतात. ती तोंडाने हवेचा घोट घेते, तो बुडबुडा पोटात धरून ठेवते आणि त्या जोरावर पाण्याच्या पृष्ठभागाला आतून चिकटून राहते, जशी पाल छताला. वर आलेला पाय निळा आहे, म्हणून आकाशातून पाहणाऱ्या पक्ष्याला खाली फक्त निळा समुद्र दिसतो. खाली झालेली पाठ चंदेरी-करडी आहे, म्हणून खोल पाण्यातून वर पाहणाऱ्या माशाला वर फक्त चकाकता उजेड दिसतो. बांगडा आणि तारली यांचा रंगही याच हिशोबाचा असतो, वरून गडद, खालून चंदेरी. कोळणीच्या पाटीतला बांगडा पुढच्या वेळी घेताना जरा उलटसुलट करून बघा. फरक एवढाच की बांगडा सरळ पोहतो, म्हणून त्याची पाठ गडद. ही उलटी तरंगते, म्हणून हिचे पोट गडद.

पोहणे असे तिला फारसे येत नाही. बोटे हळूहळू हलवून ती थोडी सरकते, बाकी वारा आणि प्रवाह नेतील तिथे जायचे. तिच्यासोबत त्याच वाऱ्यावर एक अख्खा निळा काफिला चाललेला असतो. त्यात ब्ल्यू बटन असते. वेलेला असते, जिच्या अंगावर पारदर्शक छोटे शीड उभे असते. जान्थिना नावाची जांभळ्या शंखाची गोगलगाय असते, जी स्वतःच्या चिकट स्रावात बुडबुडे गुंडाळून त्यांचा तराफा बनवते आणि त्याला लटकून राहते. आणि असते ब्लू बॉटल, शास्त्रीय नाव फायसेलिया. हा दिसतो एक जीव, पण असते एक वसाहत. कुणी फुगा बनून तरंगवतो, कुणी शिकार करतो, कुणी पचवतो, कुणी प्रजनन करतो, आणि ही सगळी एकमेकांना जोडलेली असतात. फुग्याखाली लोंबणारा मुख्य धागा काही मीटर लांब असतो आणि त्यावर दंशपेशींची रांगच रांग.

ही दंशपेशी म्हणजे काय, हे समजले तर पुढचे सगळे समजेल. पेशीच्या आत एक सूक्ष्म कुपी, कुपीत गुंडाळलेला पोकळ दोरा, त्याच्या मुळाशी काटे आणि आत विष. स्पर्श झाला की कुपी फुटते आणि दोरा बाहेर उसळून कातडीत घुसतो. गोड्या पाण्यातल्या हायड्रा या जीवाच्या अशा कुपीचे मोजमाप २००६ मध्ये अतिवेगवान कॅमेऱ्याने झाले, तेव्हा असे दिसले की हा प्रकार एका सेकंदाच्या दहा लाखाव्या भागापेक्षाही कमी वेळात होतो. म्हणजे "पटकन हात मागे घेतला" याला काही अर्थच उरत नाही. शिवाय कुपीला फुटण्यासाठी मालकाच्या परवानगीची गरज नसते. धागा तुटून वाळूत पडला, वाळत आला, तरी स्पर्श झाल्यावर ती फुटू शकते.

आणि आमची ही बोटभर गोगलगाय असला धागा शेवयांसारखा खाते.

ब्लू बॉटलला ती चिकटते, दातेरी जबड्यांनी तुकडे तोडते आणि गिळते. तिच्या तोंडातल्या आणि अन्नमार्गातल्या टणक अस्तरामुळे आणि अंगावरच्या चिकट स्रावामुळे तिला फारशी इजा होत नाही. मांस पचते, पण सगळ्या कुप्या पचत नाहीत. तिच्या पचनग्रंथीच्या शाखा थेट त्या निळ्या बोटांमध्ये गेलेल्या असतात आणि बोटाच्या टोकाला एक छोटी पिशवी असते. न फुटलेल्या कुप्या या वाटेने पुढे सरकत त्या पिशवीत जमा होतात. कच्च्या, अजून पूर्ण तयार न झालेल्या कुप्या पिशवीत येऊन तिथे पक्क्या होतात, असे तिच्या काही नातलग जातींवरच्या प्रयोगांत दिसले आहे. मग कुणी मासा तिला तोंड लावायला आला, की शेजाऱ्याकडून पळवलेला हा दारूगोळा ती त्याच्यावर झाडते. स्वतःचे विष तिच्याकडे थेंबभरही नसते. म्हणूनच एखादीचा दंश किती जहाल, हे तिने त्या आठवड्यात काय खाल्ले होते त्यावर ठरते. फक्त ब्ल्यू बटन खाल्लेली गोगलगाय आणि ब्लू बॉटलवर ताव मारून आलेली गोगलगाय, दोघी दिसायला सारख्याच.

हे माणसांच्या बाबतीत नीट नोंदवले गेले ते १९६९ साली. ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्स किनाऱ्यावर समुद्रात उतरलेल्या लोकांना या गोगलगायींचा दंश होत होता. टी. ई. थॉम्प्सन आणि इझोबेल बेनेट यांनी 'सायन्स' या नियतकालिकात दाखवून दिले, की या गोगलगायींच्या बोटांत साठवलेल्या कुप्या ब्लू बॉटलच्याच आहेत. यातल्या इझोबेल बेनेट यांच्याविषयी थोडे विषयांतर करतो, कारण हे पान आपल्या घरातल्या मुलीही वाचतात. या बाईंनी सोळाव्या वर्षी शाळा सोडली होती. सिडनी विद्यापीठातल्या एका प्राध्यापकांच्या हाताखाली त्या आधी कार्यालयीन कामाला लागल्या. तिथे सूक्ष्मदर्शक हाती आला, मग किनाऱ्यावरचे खडक, आणि पुढे ऑस्ट्रेलियाच्या सागरी जीवनावरील त्यांची पुस्तके तिथल्या विद्यार्थ्यांच्या पिढ्यांनी वाचली. २०१४ साली तीन संशोधकांनी दाखवले, की ग्लॉकसची जी एक छोटी जात समजली जात होती, त्या प्रत्यक्षात चार जाती आहेत. तेव्हा एका नव्या जातीला नाव दिले गेले ग्लॉकस बेनेटी आणि दुसरीला ग्लॉकस थॉम्प्सोनी. पदवीशिवाय सुरुवात केलेल्या बाईंचे नाव आज एका निळ्या गोगलगायीला आहे.

तिच्या संसाराबद्दल दोन शब्द. प्रत्येक गोगलगाय उभयलिंगी असते, म्हणजे नर आणि मादी दोन्ही तीच, तरी जोडी मात्र लागते. मीलनानंतर दोघीही अंडी घालतात, मण्यांच्या माळेसारख्या पारदर्शक लडींत. आता भर समुद्रात, जिथे ना दगड ना शेवाळ, ही लड ठेवायची कुठे? ती बऱ्याचदा खाऊन संपवलेल्या शिकारीच्या सांगाड्यावर चिकटवते. वेलेलाचा रिकामा तराफा मग पाळणा होतो. आणि खायला दुसरे काही मिळाले नाही, तर ती आपल्याच जातीच्या दुसरीलाही सोडत नाही.

आपल्या पश्चिम किनाऱ्याकडे वळू. नैर्ऋत्य मोसमी वारे समुद्रावरून जमिनीकडे वाहतात. जे काही पृष्ठभागावर तरंगत असते, ते सगळे ते किनाऱ्यावर आणून टाकतात. म्हणूनच पावसाळ्यात मुंबईच्या जुहू-गिरगावपासून गोव्यापर्यंत ब्लू बॉटल आणि ब्ल्यू बटन वाळूवर दिसतात आणि त्याच वाऱ्याने डांबराचे काळे गोळेही येतात. किनाऱ्यावरच्या घरांत राहणाऱ्यांना सांगायला नको, पायाला लागलेले ते डांबर रॉकेलशिवाय निघत नाही. वरून आलेली प्लास्टिकची पिशवी आणि खालून आलेला निळा जीव एकाच लाटेवर बसून येतात.

ही संगत भर समुद्रातही आहे, आणि तिथे ती फार अवघड प्रश्न उभा करते. पॅसिफिक महासागराच्या उत्तर भागात प्रवाहांच्या भोवऱ्यामुळे कचरा साठलेला एक अफाट पट्टा आहे. २०१९ मध्ये बेन्वा लकोंत नावाचे जलतरणपटू त्या भागात पोहत असताना सोबतच्या बोटीवरच्या लोकांनी पृष्ठभागावर जाळी ओढून नमुने घेतले. २०२३ मध्ये त्याचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. जिथे प्लास्टिक दाट होते, तिथेच वेलेला, ब्ल्यू बटन आणि जान्थिना यांचीही गर्दी जास्त होती. साहजिकच आहे. जो प्रवाह बाटलीचे बूच गोळा करतो, तोच तरंगणारा जीवही गोळा करतो. आता मोठमोठी जाळी ओढून समुद्र साफ करण्याच्या योजना निघाल्या आहेत. जाळ्याला बूच आणि निळी चकती यांतला फरक कसा कळणार? समुद्र साफ होऊ नये असे कोण म्हणेल? पण आमच्या मते कचरा नदी-नाल्याच्या तोंडाशी अडवणे हाच शहाणपणाचा मार्ग. एकदा तो भर समुद्रात गेला, की त्याच्यासोबत या बिचाऱ्यांचेही मरण.

आता त्या भगिनींच्या मूळ काळजीकडे येतो, कारण अनेक आयांची ती काळजी आहे. जून ते सप्टेंबर किनाऱ्यावर मुलांच्या पायांत चप्पल हवीच. वाळूवर निळे काहीही दिसले, मग ते चकती असो, फुगा असो की पंखवाला इवला ड्रॅगन, ते उचलायचे नाही, पायाने फोडायचे नाही, डबीत भरून घरी आणायचे नाही. मेलेले दिसले तरी नाही. मुलांना निळा फुगा टाचेने फोडायला फार आवडते, आणि दंश होतो तो बहुधा तिथेच.

दंश झालाच, तर चोळू नका. वाळू, हळद, चुना, टूथपेस्ट, काहीही लावून रगडू नका, कारण दाबाने उरलेल्या कुप्या फुटतात. अंगाला धागे चिकटले असतील, तर समुद्राच्याच पाण्याने धुऊन काढा, नंतर चिमट्याने किंवा जाड कापड हाताला गुंडाळून. त्यानंतर गरम पाणी. ऑस्ट्रेलियात ९६ जणांवर झालेल्या आणि २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ब्लू बॉटलच्या दंशावर ४५ अंश सेल्सिअस गरम पाणी आणि बर्फ यांची तुलना केली गेली. वीस मिनिटांनी गरम पाण्यावाल्या ८७ टक्के लोकांच्या वेदना कमी झाल्या होत्या, बर्फवाल्यांपैकी ३३ टक्क्यांच्या. तेव्हा हात किंवा पाय सोसवेल इतक्या गरम पाण्यात वीस मिनिटे ठेवावा. पाणी आधी मोठ्या माणसाने स्वतःच्या हाताने तपासावे, नाहीतर दंशापेक्षा भाजणे महागात पडेल. व्हिनेगरबद्दल तज्ज्ञांत दोन तट आहेत, त्यामुळे आम्ही त्याच्या नादी लागायला सांगणार नाही. श्वास लागला, छातीत दुखू लागले, उलट्या सुरू झाल्या, डोळ्याला किंवा चेहऱ्याला लागले, किंवा मूल फारच लहान असेल, तर गरम पाण्यात वेळ न घालवता सरळ दवाखाना गाठा.

इतके भीतीचे लिहिल्यावर मुलांना समुद्री गोगलगाय बघायचीच नाही असे वाटायला नको. तिच्या तळावर राहणाऱ्या बहिणी आपल्या अगदी जवळ आहेत. मुंबईच्या किनाऱ्यावरून विंकवर्थ यांनी १९४६ साली एका रंगीत गोगलगायीचे वर्णन केले, तिच्या शास्त्रीय नावातच बाँबे आहे, गोनिओब्रँकस बाँबेयानस. २०१७ पासून 'मरीन लाइफ ऑफ मुंबई' या उपक्रमातले लोक शहरातल्या खडकाळ किनाऱ्यांवर फेऱ्या काढून अशा जिवांची नोंद ठेवत आहेत. हाजीअलीच्या दर्ग्याला आपल्यापैकी कितीतरी जण गेले असतील. ओहोटीला त्या वाटेच्या दोन्ही बाजूंना जो काळा खडक उघडा पडतो, तो वरवर नुसता चिखल-कचऱ्याचा वाटतो, पण त्याच्या डबक्यांत स्पंज, प्रवाळ आणि गोगलगायी राहतात. किनारा रस्त्याच्या कामासाठी २०२० मध्ये हाजीअली आणि वरळीच्या खडकांवरच्या प्रवाळांच्या काही वसाहती उचलून दुसरीकडे लावाव्या लागल्या. शहराच्या गर्दीत हे जीव इतके दिवस टिकले होते, हे बहुतेक मुंबईकरांना त्या बातम्यांमुळेच कळले.

गोगलगाय बघायची तर चांदाच्या पहिल्या-दुसऱ्या तारखेची किंवा चौदावी-पंधरावीची ओहोटी धरावी, तेव्हा पाणी सर्वांत दूर जाते. मुंबईकडे ही वेळ साधारण सकाळी लवकर किंवा संध्याकाळच्या सुमारास येते. भरती-ओहोटीचे कोष्टक पाहून जावे, शेवाळावर न घसरणारी चप्पल घालावी आणि पाणी वळले की मुलांना घेऊन लगेच बाहेर यावे. दगड उलटून पाहिला तर हळूच होता तसाच परत ठेवावा, कारण त्याच्या खालच्या बाजूला बऱ्याचदा अंडी असतात. गोगलगाय दिसली नाही तरी तिची अंडी दिसू शकतात, पांढऱ्या, पिवळ्या किंवा गुलाबी फितीची गुंडाळी, जणू कुणी कागदी गुलाब दगडाला चिकटवून ठेवला आहे.